हमालाचा हुक आणि सर्व्हेअरची लेखणी



न्हावाशेवाच्या बाजूला एका कंटेनर गोदामात बोजे उचलणाऱ्या एका बांधवाचे पत्र माझ्यापुढे आहे. वहीच्या कागदावर, दोन्ही बाजूंनी लिहिलेले. त्यांची थोरली मुलगी बी.कॉम. झाली. फोर्टमध्ये एका सर्व्हेअरच्या कचेरीत तिला उमेदवारीचे काम मिळते आहे. जहाजाने आलेला माल खराब निघाला की त्याच्या विम्याचा दावा तपासायचा, असे ते काम. पगार सुरुवातीला थोडा, आणि गोदीत, गोदामात उन्हातान्हाचे जावे लागणार.

यात विचारण्यासारखे काय, असे कोणी म्हणेल. पण पत्राची दुसरी बाजू वाचली आणि मी थांबलो. ते लिहितात की काही वर्षांपूर्वी असाच एक सर्व्हेअर त्यांच्या गोदामात आला होता. दहा मिनिटे उभा राहिला, फाटकी पोती पाहिली, गोदामाच्या मालकाकडे चहा घेतला आणि हमालांच्या हलगर्जीपणाने नुकसान झाले, असे लिहून गेला. टोळीला कोणी काही विचारले नाही. पुढच्या महिन्यात त्या टोळीचे तिथले काम बंद झाले. आणि शेवटी त्यांचा प्रश्न असा की, ज्या लेखणीने माझी भाकरी घालवली ती मी माझ्याच मुलीच्या हातात देऊ काय?

या सदरात आजवर मी नोकऱ्यांची माहिती दिली ती बहुतेक वेळा अर्ज कुठे करावा, वयाची अट काय, अशा स्वरूपाची. या प्रश्नाला तेवढे उत्तर पुरणार नाही. मी स्वतः विम्याच्या धंद्यात कारकून आहे. दाव्यांच्या फायली लावण्यात माझी बरीच वर्षे गेली, म्हणून हे काम मुळात काय असते ते आधी सांगतो.

समजा, म्यानमारहून तुरीची ५०० पोती कंटेनरमधून न्हावाशेवाला आली. व्यापाऱ्याने विमा उतरवताना मालाची किंमत, जहाजाचे भाडे आणि विम्याचा हप्ता मिळून जी रक्कम होते, तीवर दहा टक्के जास्त धरले. ही या धंद्यातली नेहमीची रीत. सोयीसाठी विम्याची रक्कम १० लाख रुपये धरू, म्हणजे पोत्यामागे २,००० रुपये. कंटेनर उघडला तर ४० पोती भिजलेली. व्यापारी विमा कंपनीला कळवतो, आणि ठरावीक रकमेच्या वरचा दावा असेल तर कंपनी परवानाधारक सर्व्हेअर नेमते. १९३८ च्या विमा कायद्यातच तशी तरतूद आहे.

आता पोते ओले आहे हे तुम्हा-आम्हालाही दिसते. सर्व्हेअरला शोधायचे असते ते कशाने ओले झाले. त्याच्या पिशवीत सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाची लहानशी बाटली असते. ओल्या तागावर त्याचे थेंब टाकले आणि दुधासारखा पांढरा रंग धरला तर ते खारे पाणी, म्हणजे समुद्राचे. रंग धरला नाही तर गोडे पाणी. मग ते गोडे पाणी कुठले? माल भरताना पाऊस होता काय? कंटेनरच्या पत्र्याला भोक आहे काय? ते पाहण्यासाठी माणूस कंटेनरच्या आत उभा राहतो, बाहेरून दारे लावून घेतात, आणि काळोखात कुठून उजेडाची तिरीप येते ते तो शोधतो. भोक नसेल आणि फक्त वरच्या थरातल्या पोत्यांवर ठिपक्याठिपक्यांचे डाग असतील, तर कंटेनरला घाम फुटला होता. दिवसा तापलेला पत्रा रात्री गार होतो, आतल्या मालातली वाफ छताला धरते आणि मालावर गळते. आपल्या पत्र्याच्या खोलीत थंडीच्या दिवसांत पहाटे छत ठिबकते, तोच प्रकार.

त्यानंतर सीलचा क्रमांक जुळतो का, जहाज कंपनीने माल ताब्यात घेताना पावतीवर काही शेरा मारला होता का, हे कागद पाहायचे. ओली पोती वेगळी काढायची, जे वाळवून विकता येईल ते विकायचे. आपल्या उदाहरणात ४० पोत्यांचे ८०,००० रुपये. ती ओली तूर ३०,००० ला गेली, तर नुकसान ५०,००० चे. करारात अर्धा टक्का नुकसान व्यापाऱ्याने सोसायचे असे ठरले असेल, तर १० लाखांवरचे ५,००० वजा, आणि हातात पडतात ४५,०००. सर्व्हेअर नुकसानीचे कारण आणि आकडा लिहून देतो, दाव्याच्या खात्यातला अधिकारी तो करारातल्या अटींशी ताडून पाहतो, आणि मग चेक निघतो.

पण चेक निघाला म्हणजे फाईल बंद झाली असे नाही. व्यापाऱ्याला पैसे दिले की त्याचे हक्क विमा कंपनीकडे येतात, आणि ज्याच्यामुळे नुकसान झाले त्याच्याकडून ती वसुली करू पाहते. जहाज कंपनीला दिसणारे नुकसान माल ताब्यात घेतानाच कळवायचे, न दिसणारे तीन दिवसांत, आणि वर्षाच्या आत दावा लावायचा, असा नियम. नुकसान गोदामात झाले असे अहवालात आले, की कंपनी गोदामवाल्याला पत्र लिहिते. गोदामवाला ठेकेदाराकडे बोट दाखवतो, ठेकेदार मुकादमाकडे आणि मुकादम टोळीकडे. टोळीच्या खाली कोणी नसते. आपल्या या बांधवाचे काम गेले ते असे, पायरीपायरीने. अहवालातले चार शब्द इतक्या खालपर्यंत जातात, हे तो लिहिणाऱ्याच्या मनातही नसेल.

आणि ते चार शब्द लिहायला फार सोपे असतात. मी कित्येक अहवाल टाईप केले आहेत. खारे पाणी म्हणावे तर परीक्षा करावी लागते, घाम म्हणावे तर तर्क मांडावा लागतो, मालाचा मूळ दोष म्हणावा तर व्यापारी भांडायला उभा राहतो. हमालांची निष्काळजी म्हटले की भांडायला कोणी येत नाही. खरे तर पोते कशाने फाटले हेही तपासून सांगता येते. हाताच्या हुकाचे भोक लहान, गोल, आणि बहुधा पोत्याच्या टोकाकडे, जिथे हात घालतात तिथे. लाकडी फळीचा खिळा लागला तर सरळ फाटा जातो. जुना, कुजका ताग सुताच्या रेषेने उसवतो, त्याला हुक लागतही नाही. थप्पी वाकडी लावून माल भरला असेल, तर दार उघडताच पोती अंगावर येतात. मग ती फाटली याचा दोष दार उघडणाऱ्याचा की हजारो मैलांवर थप्पी लावणाऱ्याचा? ज्याच्या बापाने पन्नास किलोचे पोते पाठीवर घेतले आहे, त्याच्या पोरीला हे पुस्तकात वाचावे लागत नाही.

या धंद्याचा इतिहास सगळाच चांगला आहे असे मात्र मी सांगणार नाही. समुद्रावरच्या विम्यात एक फार जुना नियम आहे. जहाज संकटात सापडले आणि ते वाचवण्यासाठी काहींचा माल मुद्दाम समुद्रात टाकावा लागला, तर ते नुकसान एकट्याचे नाही. ज्यांचा ज्यांचा माल वाचला त्या सर्वांनी आपापल्या किमतीच्या प्रमाणात ते वाटून घ्यायचे. ऱ्होड्स बेटावरच्या व्यापाऱ्यांची ही चाल रोमन कायद्यात गेली आणि तिथून आजपर्यंत आली. इंग्रजीत तिला जनरल अ‍ॅव्हरेज म्हणतात. २०२१ च्या मार्चमध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस आडवे अडकले होते, त्यावरचे पंचवीसही खलाशी भारतीय होते. त्या वेळी मालकाने हाच नियम लावला. ज्यांच्या कंटेनरला ओरखडाही गेला नव्हता, त्यांनाही आपापल्या वाट्याची हमी दिल्याशिवाय माल सुटणार नव्हता. असा वाटा मांडणारे वेगळे तज्ज्ञ असतात, आणि एकेका जहाजाचा हिशेब पुरा व्हायला वर्षे जातात.

नियम न्यायाचा वाटतो ना? सर्वांसाठी एकाने सोसले, तर सर्वांनी भरून द्यावे. पण त्यात माल म्हणजे काय, हे कोण ठरवतो? १७८१ साली लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांचे ‘झाँग’ नावाचे जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून ४४२ गुलाम घेऊन निघाले. जमैकाच्या जवळ येऊन ते वाट चुकले. २९ नोव्हेंबरपासून काही दिवसांत खलाशांनी सुमारे १३० जिवंत माणसे समुद्रात फेकली. त्यांत स्त्रिया होत्या, मुले होती. कारण सांगितले ते असे की प्यायचे पाणी संपत आले होते. खरे गणित विम्यात होते. दर माणसाचा ३० पौंडांचा विमा उतरवलेला होता. गुलाम आजाराने मेला तर नुकसान मालकाचे. पण बाकीचा ‘माल’ वाचवण्यासाठी तो समुद्रात टाकावा लागला असे दाखवले, तर भरपाई विमा कंपनीची.

मालकांनी दावा लावला. विमा उतरवणाऱ्यांनी पैसे नाकारले. १७८३ मध्ये लंडनच्या ज्यूरीने निकाल मालकांच्या बाजूने दिला. विमावाले वरच्या न्यायासनाकडे गेले, आणि तिथे लॉर्ड मॅन्सफील्ड यांच्यापुढे कागद उलगडले गेले. मध्यंतरी पाऊस पडला होता, आणि जहाज जमैकाला पोचले तेव्हा त्यावर ४०० गॅलनांहून अधिक पाणी शिल्लक होते. नवा खटला चालवावा असा हुकूम झाला. तो चालल्याची नोंद सापडत नाही. खुनासाठी तर कोणावरही खटला झाला नाही. न्यायालयात त्या माणसांची तुलना घोड्यांशी केली गेली.

विमावाल्यांनी काही दयेपोटी हे केले नाही, त्यांना पैसे वाचवायचे होते. तरी त्या पैशाच्या भांडणात जबान्या झाल्या, पाण्याचे माप निघाले, आणि जे समुद्राच्या तळाशी गेले होते ते कागदावर आले. ओलाउडा इक्वियानो या, स्वतः गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय माणसाने ही बातमी ग्रॅनव्हिल शार्प यांना सांगितली, आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्धच्या चळवळीला ती मिळाली. इंग्लंडने तो व्यापार १८०७ साली कायद्याने बंद केला. डॉ. बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना आपल्या लिखाणात का केली, हे समजून घ्यायचे असेल तर अशी प्रकरणे वाचावीत. माणसाला मालाच्या यादीत घालणे आणि माणसाला शिवण्यालायक न मानणे, यांत अंतर किती ते वाचकांनीच ठरवावे.

लांब कशाला जा, आपल्या मुंबईतच पाहा. १४ एप्रिल १९४४. बाबासाहेबांना त्या दिवशी त्रेपन्न वर्षे पूर्ण झाली. ते तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच दुपारी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. त्यावर सुमारे १,४०० टन स्फोटके होती, कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठी होत्या, आणि सोन्याच्या विटाही होत्या. चारच्या सुमारास एक आणि अर्ध्या तासाने दुसरा, असे दोन स्फोट झाले. आजूबाजूची जहाजे, गोदामे, वस्त्या होत्याच्या नव्हत्या झाल्या. अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. आजही १४ एप्रिलला आपण निळे झेंडे घेऊन निघतो, त्याच दिवशी देशभर अग्निशमन सेवा दिन पाळला जातो, तो त्यांच्या स्मरणार्थ.

पण गोदीत त्या दिवशी बोजे उचलणारे किती गेले? मेलेल्यांचा आकडा कोणी आठशे सांगतो, कोणी तेराशे. सोन्याच्या विटेला क्रमांक असतो. गोदीतला गाळ काढताना कित्येक वर्षांनी वीट सापडली, तरी ती कोणाची हे कळले आणि ती सरकारात जमा झाली. रोजंदारीच्या हमालाला क्रमांक नव्हता. सरकारने जबाबदारी घेतली आणि ज्यांनी दावा केला त्यांना मालमत्तेची भरपाई दिली, हेही खरे आहे. मात्र दावा करायला भाड्याची पावती लागते, दुकानाची वही लागते, निदान अर्ज लिहिणारा तरी लागतो. मुकादमाच्या तोंडी हजेरीवर जगणाऱ्याच्या घरच्यांनी तो अर्ज कशाच्या आधारावर भरला असेल?

गोदी कामगारांच्या नोकरीचे नियमन करणारा कायदा १९४८ साली झाला, आणि आपल्या राज्यात माथाडी कायदा १९६९ साली. नोंद, हजेरी, पावती ही त्यातून आली. बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ मध्ये विमा हा सर्वस्वी राज्याचा असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाने आपल्या वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा उतरवणे सक्तीचे असावे, असे मांडले होते. आपल्याकडे त्यातले फार थोडे झाले. आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण १९५६ मध्ये, बाबासाहेब हयात असताना झाले. सर्वसाधारण विमा १९७३ पासून सरकारी झाला, आणि १९९९ च्या कायद्यानंतर त्यात पुन्हा खासगी कंपन्या आल्या. हा विषय वेगळ्या लेखाचा आहे.

आता आयुष्मान बंधू, तुमच्या प्रश्नाचे उत्तर. माझे मत विचाराल, तर मुलीला पाठवा. तुमच्या टोळीवर ठपका ठेवणारी लेखणी ज्याच्या हातात होती, त्याला हुकाचे भोक आणि खिळ्याचा फाटा यांतला फरक ठाऊक नव्हता, किंवा ठाऊक असून त्याने वाकून पाहिले नाही. तुमची मुलगी वाकून पाहील.

पण तिने तिथे जाऊन आपल्या माणसांची बाजू घ्यावी, असे मी म्हणत नाही. टोळीने खरोखर हुक मारून पोती फोडली असतील तर तिने तसेच लिहिले पाहिजे, टोळी ओळखीची असली तरी. आपण पंचशील घेतो त्यातले चौथे शील या धंद्यात रोज कसाला लागते. सर्व्हेअरची फी विमा कंपनी देते, चहा व्यापारी पाजतो, आणि गाडी गोदामवाला पाठवतो. तिघांनाही आपापल्या सोयीचा अहवाल हवा असतो. पाकीट पुढे करणारेही भेटतात. सम्यक आजीविका म्हणजे काय, हे विहारात ऐकताना सोपे वाटते. संध्याकाळी सात वाजता निर्जन गोदामात सही करताना त्याचा अर्थ कळतो.

आईच्या काळजीचेही तुम्ही लिहिले आहे, ती रास्त आहे. उमेदवारी सुरू करण्यापूर्वी कचेरीत स्पष्ट विचारून घ्या, की गोदीत जाताना बरोबर कोण असेल, परतीच्या वाहनाची सोय काय, हेल्मेट आणि जाड तळाचे बूट कोण देणार. गोदामांत बायकांसाठी धड संडासही नसतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आणखी एक, कीड मारण्यासाठी कित्येक कंटेनरांत विषारी धूर सोडलेला असतो. दारावर तशी चिठ्ठी आहे का ते पाहिल्याशिवाय आणि आत हवा खेळून तपासणी झाल्याशिवाय कोणी कितीही घाई केली तरी तिने आत पाय टाकू नये. हे तुमच्या टोळीलाही सांगा.

परवान्याचे असे आहे. सर्व्हेअरचा परवाना विमा नियामक प्राधिकरण देते. मालाचा सागरी विमा, जहाजाचा विमा, आग, मोटार असे त्याचे विभाग असतात आणि प्रत्येकाची शैक्षणिक पात्रता नियमांत दिलेली असते. हाती पदवी आली म्हणून परवाना मिळत नाही. जुन्या परवानाधारकाच्या हाताखाली वर्षभराचे प्रशिक्षण आणि परीक्षा, हे दोन्ही लागते. तुमच्या मुलीची पदवी कोणत्या विभागाला चालते, हे त्या कचेरीतूनच लेखी विचारून घ्या. तोंडी आश्वासनावर जाऊ नका. नाहीच जमले, तरी वर्ष वाया जात नाही. मुंबईच्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाच्या लायसेन्शिएट, असोसिएट आणि फेलोशिप अशा परीक्षा बी.कॉम. झालेल्यांना देता येतात. त्यात सागरी विम्याचा विषय घेता येतो आणि कंपन्यांच्या दावे खात्यात त्याचा उपयोग होतो. नोकरी करून अभ्यास होतो. पुस्तके इंग्रजीत आहेत, त्याला घाबरू नये. शब्द तेच तेच फिरून येतात.

त्या जुन्या अहवालाची प्रत मिळेल काय, असे तुम्ही तळटीप म्हणून विचारले आहे. ती प्रत विमा उतरवणाऱ्याला मागता येते. हमाल त्या करारात पक्षकार नाही, म्हणून तुम्हाला ती कोणी दाखवली नाही, आणि आता दाखवतील असे वाटत नाही. मुलगी कामाला लागली की तिने स्वतःची एक वही ठेवावी. किती वाजता पोचलो, कोण हजर होते, दार कोणी उघडले, थप्पी कशी होती, आणि टोळीच्या मुकादमाला विचारले तेव्हा तो काय म्हणाला, हे जागेवरच लिहून त्याची सही घ्यावी. तसे करा म्हणून तिला वरून कोणी सांगणार नाही, पण तसे करू नका असा नियमही नाही.